वाचकांचे प्रश्न : छत्रीधारी सैनिक, त्यांचे शौर्य आणि संगणकावरचा नकाशा

मागच्या महिन्यात संगणकावरील युद्धनीतीच्या खेळांविषयी एका वाचकाला उत्तर देताना मी छत्रीधारी सैनिकांचा, म्हणजे पॅराट्रूपरांचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. सगळी पुणे परिसरातूनच आलेली आहेत आणि विमानातून शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या माणसाचे धैर्य या खेळांत खरोखर उतरते का, हाच त्या सर्वांचा विषय आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ‘कंपनी ऑफ हीरोज’ हा खेळ बरीच वर्षे खेळतो. मशीनगनचा मारा सुरू झाला की त्यातले इतर पायदळ जमिनीला खिळून राहते, पण अमेरिकी एअरबोर्न तुकडीला एक विशेष आज्ञा दिली की ती त्या माऱ्यातूनही धावत सुटते. छत्रीधारी सैनिक खरोखर इतके निर्भय असत, की ही केवळ खेळाची सोय आहे? (कोथरूड)

उत्तर : २००६ साली आलेल्या या खेळातील त्या नियमाच्या मुळाशी थोडे सत्य नक्कीच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश छत्रीधारी दलांत सर्वसाधारणपणे स्वतःहून नाव देणाऱ्यालाच घेत असत, प्रशिक्षणात उडी नाकारणाऱ्याला दुसरीकडे पाठवले जाई आणि अमेरिकी शिपायाला या जोखमीपोटी महिन्याला ५० डॉलर जादा मिळत. अशी पाखडून निवडलेली माणसे माऱ्याखाली इतरांपेक्षा अधिक टिकतील, ही खेळ बनवणाऱ्यांची समजूत चुकीची म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. खेळाने धैर्य दाखवले आहे, पण ते नको त्या जागी दाखवले आहे. आपण सगळेच उडीला सर्वांत मोठे धाडस समजतो. प्रत्यक्षात विमानातल्या तारेला स्टॅटिक लाइनचा, म्हणजे उडी घेताच छत्री आपोआप उघडणाऱ्या पट्ट्याचा, आकडा अडकवून, एकामागे एक चिकटून सोळा-अठरा जण रांगेत उभे राहिले आणि हिरवा दिवा लागला, की विचार करायला फारसा अवकाश उरत नाही. पुढचा गेलेला असतो आणि मागचा रेटत असतो. उडीचा निर्णय त्या माणसाने कित्येक महिन्यांपूर्वी, नाव नोंदवतानाच घेतलेला असतो. त्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तरंगता प्रवास येतो, ज्यात त्याला धड लपता येत नाही की धड लढता येत नाही. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये, संकटात सापडलेल्या विमानातून छत्रीने उतरणाऱ्या माणसावर तो खाली येईपर्यंत हल्ला करू नये असे कलम आहे, आणि त्याच कलमात हे संरक्षण हवाई सैन्याला, म्हणजे लढण्यासाठी विमानातून उतरणाऱ्यांना, मिळणार नाही असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आपल्यावर गोळी झाडण्याचा शत्रूला कायद्यानेही हक्क आहे, हे या माणसाने धरूनच चालायचे असते.

मात्र खरी कसोटी जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते आणि नेमका तोच भाग खेळात गाळलेला असतो. ५ आणि ६ जून १९४४ च्या मधल्या रात्री ८२ व्या आणि १०१ व्या अमेरिकी एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे १३,००० छत्रीधारी सैनिक फ्रान्समधील नॉर्मंडीत उतरले. ढगांमुळे आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यामुळे विमानांच्या रांगा फुटल्या आणि माणसे ठरलेल्या जागेपासून मैलोन्‌मैल दूर विखुरली. मेर्देरे नदीच्या काठचा सखल भाग जर्मनांनी मुद्दाम पाण्याखाली घातला होता. तेथे उतरलेले काही जण अंगावरच्या ओझ्यासह बुडाले. अंधारात एकमेकांची ओळख पटावी म्हणून १०१ व्या डिव्हिजनच्या सैनिकांना पितळी टिकटिक्या दिल्या होत्या. लहान मुलांच्या खेळण्यासारखी ती वस्तू वाजवून समोरून उत्तर येते का, याची वाट पाहत कुंपणाआड एकट्याने बसणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

त्याच रात्री ब्रिटिश नवव्या पॅराशूट बटालियनचे लेफ्टनंट कर्नल टेरेन्स ऑटवे यांच्याकडे मेर्व्हिल येथील तोफखाना निकामी करण्याचे काम होते. बेत सुमारे ७५० माणसांचा होता, पण जमली फक्त १५० च्या आसपास. उखळी तोफा नव्हत्या, सुरुंग शोधण्याची यंत्रे नव्हती आणि बरेचसे साहित्य दलदलीत हरवले होते. थांबावे, आणखी माणसांची वाट पाहावी, असे म्हणायला त्यांच्याकडे सबळ कारण होते आणि पुढे कोणी त्यांना दोषही दिला नसता. पण त्यांनी आहे त्या माणसांनिशी हल्ला केला आणि तोफखाना घेतला. त्या १५० पैकी जवळजवळ निम्मे त्यात मारले गेले किंवा जखमी झाले. तुमच्या खेळात तुकडी बोट ठेवलेल्या जागी, सगळी एकत्र, शस्त्रांसह उतरते, त्यामुळे ऑटवे यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न खेळाडूपुढे कधी येतच नाही. गोळीबारातून धावण्याची मुभा देऊन खेळ त्या तुकडीला शूर ठरवतो. मला विचाराल तर तिच्यातली निम्मी माणसे हरवून उरलेल्यांनिशी काय करायचे, हे त्याने खेळाडूला विचारायला हवे होते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तो ‘रेड अलर्ट’ मालिकेतला खेळ खेळतो आणि छत्रीधारी सैनिक मेले की “जाऊ दे, परत येतील” असे म्हणतो. माझे वडील लष्करात होते, त्यामुळे हे वाक्य मला फार लागते. खेळामुळे मुलांना माणसाच्या जिवाची किंमत वाटेनाशी होते का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आपल्याला ते वाक्य का लागले, हे मी समजू शकतो. पण मुलाने त्या खेळाच्या नियमाचा अगदी बरोबर अर्थ लावला आहे. ‘रेड अलर्ट २’ मध्ये अमेरिकेची बाजू घेणाऱ्याला किंवा नकाशावरचा विमानतळ ताब्यात घेणाऱ्याला छत्रीधारी सैनिक फुकट मिळतात. ठरावीक वेळ भरला की ती कळ पुन्हा उजळते आणि नवे सैनिक येतात. जे फुकट आणि न संपणारे आहे, त्याची हळहळ कोणत्याही वयाच्या खेळाडूला वाटणार नाही. त्यामुळे मुलाच्या मनाला दोष देण्याआधी त्या कळीकडे पाहावे, असे मला वाटते.

त्याला रागावण्यापेक्षा शेजारी बसून एक प्रसंग सांगावा. नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी दोस्त राष्ट्रांच्या हवाई दलाचे प्रमुख ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांनी सरसेनापती आयझेनहॉवर यांना बजावले होते की, अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची हानी इतकी भयंकर होईल की हा भाग रद्द करणेच बरे. आयझेनहॉवर यांनी तो सल्ला मानला नाही. मात्र ५ जूनच्या संध्याकाळी ते स्वतः ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर गेले आणि तोंडाला काजळी फासून विमानांत चढण्याच्या तयारीत असलेल्या १०१ व्या डिव्हिजनच्या पोरांमध्ये फिरून ‘तुझे गाव कोणते’ अशा साध्या गोष्टी विचारत राहिले. प्रत्यक्ष हानी त्या भाकितापेक्षा कमी झाली, पण त्या संध्याकाळी हे कोणालाच ठाऊक नव्हते.

युद्धनीतीच्या खेळात आपला मुलगा शिपायाच्या जागी नसतो, आयझेनहॉवर यांच्या जागी असतो. वरून नकाशा पाहणारा आणि माणसे पाठवणारा तोच असतो. त्यामुळे शिपायाचे धैर्य असा खेळ त्याला क्वचितच शिकवू शकेल. पाठवणाऱ्याची जबाबदारी मात्र शिकवू शकेल. एक साधा प्रयोग सुचवतो. पुढच्या डावात छत्रीधारी सैनिक एकदाच बोलवायचे आणि कळ पुन्हा उजळली तरी तिला हात लावायचा नाही, असा नियम त्याने स्वतःच घालून घ्यावा. दुसऱ्याच डावाला तो माणसे कोठे उतरवायची याचा विचार करताना दिसेल. माझ्या पुतण्याच्या बाबतीत हे मी पाहिले आहे.

प्रश्न : सगळ्याच खेळांत पॅराशूट सारखेच दाखवतात. खरोखर सगळ्या देशांची पॅराशूट सारखी होती का? (निगडी)

उत्तर : नव्हती. अमेरिकी सैनिकाच्या छातीवर दुसरी, राखीव छत्री असे. महायुद्धातील ब्रिटिश सैनिकाकडे ती नसे, म्हणजे पाठीवरची उघडली नाही तर पुढे काहीच उपाय नव्हता. जर्मन छत्री तर पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेली असे, त्यामुळे सैनिक पुढे झुकलेल्या अवस्थेत खाली येई आणि त्याला छत्रीची दोरी हातात धरून दिशा बदलता येत नसे. याचे परिणाम किती गंभीर झाले, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी अकरावीत आहे आणि इतिहास माझा आवडता विषय आहे. जर्मन छत्रीधारी सैनिक, म्हणजे ‘फालशिर्मयेगर’, बहुतेक खेळांत फार रुबाबदार आणि शूर दाखवतात. ते नाझी राजवटीसाठी लढत होते, मग त्यांच्या शौर्याचे कौतुक करावे का? (शिवाजीनगर)

उत्तर : तुझ्या वयात हा प्रश्न पडला, याचा मला आनंद वाटतो. २० मे १९४१ रोजी जर्मनांनी ग्रीसच्या क्रीट बेटावर हवेतून हल्ला केला, तेव्हा आधी सांगितलेल्या त्या छत्रीमुळे बहुतेक सैनिकांना उडी मारताना रायफल जवळ बाळगता आली नाही. कमरेला पिस्तूल असे, फार तर हातबॉम्ब असत, आणि बाकीची शस्त्रे वेगळ्या पेट्यांतून खाली टाकलेली असत. खाली उतरायचे, छत्री सोडायची आणि गोळीबारातून धावत ती पेटी शोधायची, असा तो क्रम होता. पुष्कळ जण पेटीपर्यंत पोहोचलेच नाहीत. मालेमेचा विमानतळ अखेर त्यांच्या हाती लागला आणि बेटही पडले, पण हजारो माणसे गेली. त्यानंतर हिटलरचा मोठ्या हवाई हल्ल्यांवरचा विश्वास उडाला. त्या दिवशी पिस्तुलानिशी उतरलेल्या माणसांत धैर्य नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता खेळात क्वचितच दिसणारी दुसरी बाजू पाहा. क्रीटच्या खेडुतांनी, त्यात म्हातारे आणि बायकाही होत्या, हाताला येईल ते घेऊन या सैनिकांना प्रतिकार केला. बेट जिंकल्यावर त्याचा सूड घेण्यात आला. २ जून १९४१ रोजी कोंदोमारी गावातल्या पुरुषांना एकत्र करून गोळ्या घालण्यात आल्या आणि त्या गोळ्या घालणारे छत्रीधारी सैनिकच होते. धैर्य हा गुण चांगल्या कामाला जसा जुंपता येतो तसा वाईट कामालाही जुंपता येतो, हे या एका बेटावर दोन आठवड्यांत दिसून आले. म्हणून तुला माझे सांगणे असे की, कौतुक करताना कोणत्या कृतीचे करतो आहोत ते नेमके सांगावे. पेटीपर्यंत धावणाऱ्या माणसाचे धैर्य मान्य करायला हरकत नाही. गणवेशाचा रुबाब हे मात्र कौतुकाचे कारण होऊ शकत नाही. खेळ या दोन गोष्टी एकत्र करतात, कारण गणवेश रेखाटून दाखवणे सोपे असते आणि कोंदोमारी दाखवणे अवघड. क्रीटची लढाई दाखवणाऱ्या खेळाने तेथील खेडुतांना नकाशावर जागा दिलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : आमचा चार-पाच जणांचा गट दर रविवारी युद्धाचे पटावरचे आणि संगणकावरचे खेळ खेळतो. आर्नेमचा पूल आम्ही अनेकदा जिंकला आहे. जेथे प्रत्यक्षात शूर माणसे हरली, तेथे खेळाडूला जिंकू देणे हा त्यांचा अपमान आहे, असे आमच्यातील एकाचे म्हणणे आहे. आपले मत काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या मित्राच्या भावनेचा मला आदर आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. आधी ज्यांना हा प्रसंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील एकामागोमाग एक पूल हवाई सैन्याने ताब्यात घ्यायचे आणि त्यावरून ब्रिटिश ३० व्या कोअरचे रणगाडे ऱ्हाइनपलीकडे न्यायचे, अशी ‘मार्केट गार्डन’ मोहीम १७ तारखेला सुरू झाली. शेवटचा पूल आर्नेमचा. तेथे पहिली ब्रिटिश एअरबोर्न डिव्हिजन उतरली. पुलाच्या उत्तर टोकाशी पोहोचू शकली ती मुख्यतः लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांच्या दुसऱ्या पॅराशूट बटालियनची आणि तिच्याबरोबरच्या इतर तुकड्यांची सातशे-साडेसातशे माणसे. रणगाडे सुमारे दोन दिवसांत येतील असे गृहीत धरले होते. फ्रॉस्ट यांच्या माणसांनी तीन दिवस आणि चार रात्री ते टोक धरून ठेवले, पण रणगाडे आले नाहीत.

मराठी वाचकाला येथे घोडखिंड आठवल्याशिवाय राहणार नाही. पण हे साम्य जपून घ्यावे लागते. खिंडीत उभ्या राहिलेल्यांना विशाळगडावरून तोफांचे आवाज ऐकू आले आणि आपले काम झाले हे समजले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आर्नेमच्या पुलावरच्यांसाठी तोफ वाजलीच नाही. वायरलेस संच नीट चालत नसल्यामुळे बाहेर काय चालले आहे हेही त्यांना धड कळत नव्हते. आर्नेमला उतरलेल्या सुमारे दहा हजारांपैकी २५ सप्टेंबरच्या रात्री नदी ओलांडून परत आलेल्यांची संख्या अडीच हजारांच्याही आत होती.

मग जिंकू द्यावे का? माझ्या मते द्यावे, पण पराभव ज्या कारणांनी झाला ती कारणे खेळात असतील तरच. विमाने पुरेशी नव्हती, म्हणून डिव्हिजन एकाच दिवशी उतरू शकली नाही. तिला तीन दिवस लागणार होते. उतरण्याच्या जागा पुलापासून कित्येक किलोमीटर दूर, पश्चिमेला होत्या. परिसरात एस.एस. या नाझी दलाच्या दोन पॅन्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजन विश्रांतीसाठी आलेल्या होत्या. सोसाबोव्स्की यांच्या पोलिश ब्रिगेडची उडी धुक्यामुळे लांबत गेली आणि २१ तारखेला, नदीच्या दुसऱ्या काठावर ड्रील येथे झाली. हवेतून टाकलेला दारूगोळा आणि अन्न बहुतेक जर्मनांच्या हद्दीत पडत होते, कारण टाकण्याच्या ठरलेल्या जागा शत्रूच्या हाती गेल्याचा निरोप वैमानिकांपर्यंत पोहोचत नव्हता. १९ तारखेला फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड यांनी आपल्या डकोटा विमानाला आग लागलेली असतानाही त्या जागेवरून दोन फेऱ्या घातल्या, उरलेला पुरवठा खाली टाकला आणि विमान कोसळून ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी जीव देऊन टाकलेला तो पुरवठाही शत्रूच्याच हाती पडला. हा एवढा एक प्रसंग मला आर्नेमविषयी इतर कशाहूनही अधिक सांगतो.

ज्या खेळात पुरवठा नेहमी पोहोचतो आणि आज्ञा नेहमी ऐकली जाते, तेथे पूल जिंकण्याला फारसा अर्थ नाही, आणि आपल्या मित्रांना अपमान वाटतो तो बहुधा अशा विजयाचा. याउलट १९९७ साली आलेला ‘क्लोज कॉम्बॅट’ मालिकेचा दुसरा खेळ याच मोहिमेवर आहे आणि त्यात प्रत्येक शिपायाला नाव आहे, दमणूक आहे आणि मनःस्थितीही आहे. मारा असह्य झाला की तो आज्ञा मानत नाही, जमिनीला चिकटतो, पळतो, कधी शरणही जातो. खेळाडूच्या हातातून पट सुटत जातो. मला तो खेळ अनेक वर्षे आवडत आला आहे तो याच कारणासाठी, कारण जो शिपाई पळू शकतो त्याचे टिकून राहणेच डोळ्यांत भरते. मोठ्या नकाशावरच्या खेळांत ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा त्या मानाने प्रामाणिक वाटतो. तेथे वाहतुकीची विमाने आणि त्या टापूतले हवाई वर्चस्व यांशिवाय उडीच घेता येत नाही, आणि उतरलेल्यांना वेळेत रसद मिळाली नाही तर ते झिजत जातात. तेथे चेहरा दिसत नाही, हे खरे आहे, पण हवाई सैन्य किती नाजूक असते हे मात्र कळते.

प्रश्न : मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझा नातू हे खेळ खेळतो, त्यात अमेरिकी आहेत, इंग्रज आहेत, जर्मन आहेत. आपले पॅरा कोठे आहेत? त्याला ते कधी दिसणार? (वानवडी)

उत्तर : सुभेदारसाहेब, हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. गाजलेल्या खेळांत नॉर्मंडी आणि आर्नेम पुन्हा पुन्हा येतात, कारण ते ज्या बाजारासाठी बनवले जातात तेथील लोकांना ती नावे पाठ आहेत. पण नातवाला सांगण्यासारखे आपल्याकडे फार आहे आणि ते आपण सांगितले तर खेळाची वाट पाहावी लागणार नाही.

१९४१ साली ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड दिल्लीत उभी राहिली. त्या वर्षी छत्रीने उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते ए. जी. रंगराज, आणि ते होते डॉक्टर. लष्करी वैद्यकीय महाविद्यालय ज्या शहरात आहे तेथील वाचकांना याचे अप्रूप वाटावे. पुढे कोरियाच्या युद्धात त्यांनी ६० व्या पॅरा फील्ड अँब्युलन्सचे नेतृत्व केले, मार्च १९५१ मध्ये त्यांच्या तुकडीतील काही जणांनी अमेरिकी सैनिकांबरोबर उडीही घेतली, आणि रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. लढण्यासाठी नाही, तर जखमींसाठी उडी घेणाऱ्या माणसाला युद्धनीतीच्या खेळात जवळजवळ जागाच नसते.

मार्च १९४४ मध्ये हीच ५० वी ब्रिगेड मणिपूरमध्ये सांगशाक येथे जपानी सैन्याच्या वाटेत आली. तिला त्या लढाईत एकदाही उडी घ्यायची नव्हती. पाणी जवळपास नाही, खडकामुळे खंदक खोल खणता येत नाहीत आणि हवेतून टाकलेला बराचसा पुरवठा शत्रूच्या हाती पडतो, अशा टेकडीवर ती २६ मार्चपर्यंत टिकून राहिली. तिथे जपान्यांचे जे दिवस गेले, त्यांचा उपयोग कोहिमा आणि इम्फाळच्या बचावाला झाला.

मराठी घरातल्या मुलाला तर टांगाइलची हकिकत आधी सांगावी. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, २ पॅरा, ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ११ डिसेंबर १९७१ रोजी, दिवस कलत असताना, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तिचे सुमारे ७०० जवान पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ उतरले. पुंगलीचा पूल आणि जवळचा नदीचा उतार ताब्यात घेऊन मैमनसिंग-जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायची, हे त्यांचे काम होते. आन-१२, पॅकेट, डकोटा आणि कॅरिबू अशी चार प्रकारची विमाने त्यासाठी वापरली गेली. काही माणसे ठरलेल्या जागेपासून दूर पडली, काही साहित्य तळ्यांत गेले, आणि गावकऱ्यांनी ते काढून वाहून नेण्यास मदत केली. पूल हाती आला. रात्री माघारी येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांनी तो परत मिळवण्यासाठी हल्ले केले आणि ते परतवले गेले. उत्तरेकडून जमिनीवरून येऊन त्यांना मिळाली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. आर्नेमला ज्याची वाट पाहत माणसे संपली, ती गाठ येथे पडली, आणि दोन्ही बाजूंनी मराठी बोलणारी माणसे होती. पुढे १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांमध्ये २ पॅरा होती. पन्नू यांना महावीर चक्र देण्यात आले.

या लढाईवर चांगला खेळ बनवायचा झाला तर तो उडीपासून सुरू करू नये, अशी माझी सूचना आहे. उडी झाली आहे, अंधार पडतो आहे, खेळाडूच्या नकाशावर फक्त त्याच्या आजूबाजूची भातशेते दिसत आहेत आणि सातशेपैकी किती जण कोठे आहेत हे त्याला ठाऊक नाही, येथून सुरू करावे. गावकरी येऊन बातमी सांगतील तसतसा नकाशा उजळत जावा. कमी माणसांनिशी आत्ताच पुलाकडे निघायचे की आणखी अर्धा तास वाट पाहायची, हे खेळाडूने ठरवावे. उशीर झाला तर माघारी येणारी ब्रिगेड आधी पुलावर पोहोचावी. आणि कोठेही ‘पुन्हा बोलवा’ अशी कळ नसावी. आपल्या पुण्यात असे खेळ लिहू शकणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे मनावर घेतले तर मी त्यांच्यासाठी लागेल तितका वेळ देईन.

तोवर एखाद्या रविवारी नातवाला घेऊन लष्कर भागातील दक्षिण कमांडच्या युद्धस्मारकावर जा. तेथील दगडावर कोरलेली नावे त्याला एकेक करून मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्ये तो थांबला तर त्याला घाई करू नका.